मोटर पुन्हा पुन्हा का जळते? शेतीपंपाच्या या चुका टाळा

मोटर जळली की ती थेट कोल्हापूरच्या उद्यमनगरात रिवाइंडिंगला जाते आणि जुनी वायर भंगारात. पण मोटर का जळली ते त्या वायरीवरच दिसतं, म्हणून कॉइल काढण्याआधी उघडलेली मोटर बघून घ्या. सगळी वाइंडिंग (मोटरच्या आत गुंडाळलेल्या तारा) सारखी करपली असेल तर ओव्हरलोड किंवा कमी व्होल्टेज. एकाच जागी काळा डाग असेल तर तिथलं इन्सुलेशन फुटलं. स्टार जोडणीत (तिन्ही कॉइलचं एकेक टोक एकत्र बांधलेलं) दोन फेजच्या कॉइल काळ्या आणि तिसरी कोरी, किंवा डेल्टात (कॉइल त्रिकोणात जोडलेल्या) एकाच फेजच्या काळ्या, असं दिसलं तर एक फेज गेल्यावरही मोटर चालत राहिली होती.

हा शेवटचा प्रकार फसवा. साध्या स्टार्टरची नो-व्होल्ट कॉइल (वीज असेपर्यंत स्टार्टर चालू धरून ठेवणारी) दोनच फेजवर असते. तिसरी फेज गेली तरी ती धरून राहते, मोटर फिरते आणि उरलेल्या दोन तारांत करंट साधारण 1.7 पट होतो. अशा वेळी टेस्ट लॅम्पवर भरवसा नको: फिरती मोटर गेलेल्या फेजवर स्वतःच व्होल्टेज तयार करते, त्यामुळे मोटरच्या बाजूला तिथेही दिवा लागतो. टंग टेस्टरने (तारेभोवती पकडून करंट मोजणारं मीटर) तिन्ही तारांचा करंट मोजा, लगेच कळेल. सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेली की मोटर बंद करणारं यंत्र) घेताना करंटवर चालणारा घ्या. नुसतं व्होल्टेज बघणाऱ्याला त्याच्या पुढे तुटलेली तार कळेलच असं नाही. आणि सारखा ट्रिप होतो म्हणून तो बायपास करू नका. तो ट्रिप होतो, म्हणजे बहुधा लाईनमध्ये किंवा मोटरमध्ये खोट आहे.

स्टार-डेल्टा स्टार्टरचा (मोटर आधी स्टारमध्ये सुरू करून मग डेल्टात नेणारा) ओव्हरलोड रिले, म्हणजे जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा भाग, चुकीचा लावलेला तर सर्रास आढळतो. 7.5 एचपी मोटरच्या प्लेटवर 11 अँपिअर आहे म्हणून रिलेही 11 वर. पण रिले मेन कॉन्टॅक्टरच्या (स्टार्टरमधला मुख्य स्विच) खाली असेल तर त्यातून लाईन करंटचा 58 टक्केच भाग जातो. सेटिंग 6.4 हवं. 11 वर ठेवला तर लाईनमधून 19 अँपिअर जाईपर्यंत तो गप्प बसतो. डीओएलला (मोटर थेट लाईनवर सुरू करणारा स्टार्टर) मात्र 11 बरोबर.

केबलमध्ये कंजूषी नको. नदीपासून 300 मीटरवर 5 एचपी मोटर, करंट 7.5 अँपिअर. 2.5 चौरस मिमी तांब्याच्या केबलमध्ये जवळपास 29 व्होल्ट पडतात, 6 चौरस मिमीमध्ये 12. स्टार्टरपाशी 380 असेल तर पातळ केबलवर मोटरला 350 च मिळतात आणि टॉर्क (फिरवण्याची ताकद) नेहमीच्या 415 व्होल्टच्या मानाने सत्तर टक्क्यांवर येतो.

पंचगंगेच्या पुरात बुडालेली साधी मोनोब्लॉक मोटर (पंप आणि मोटर एकत्र असलेली) वरून कोरडी दिसली तरी लगेच चालू करू नका. मल्टिमीटर काही व्होल्टवरच मोजतो, ओल त्याला दिसत नाही. फ्यूज काढा, मोटर स्टार्टरपासून सोडवा, 500 व्होल्ट मेगर (जास्त व्होल्टवर इन्सुलेशन तपासणारं मीटर) वाइंडिंग आणि बॉडीमध्ये लावा. 1 मेगाओहमच्या खाली असेल तर सप्लाय देऊ नका. बल्ब किंवा हीटर लावून मंद उष्णतेवर वाळवा, ज्योत नको. तापायला लागल्यावर मेगरचा आकडा आधी आणखी उतरतो, त्याला घाबरू नका. मग तो चढतो. चढून स्थिर होईपर्यंत वाळवत राहा.