फलकावरचं ‘डिव्होशन’: इंग्रजी मजकूर छापायला देण्याआधी या चुका टाळा

नागपुरात रामनवमीची शोभायात्रा किंवा गणेशोत्सव जवळ आला की मंडळांचा इंग्रजी मजकूर फ्लेक्सवाल्याकडे घाईघाईत जातो. ‘डिव्होशन’ तिथंच फसतो.

आपण ‘गणपतीची भक्ती’ म्हणतो, म्हणून ‘डिव्होशन ऑफ गणेशा’ छापलं जातं. वाचणाऱ्याला वाटेल, गणपतीच कुणाची तरी भक्ती करतोय. ज्याची भक्ती त्याच्याआधी ‘टू’ हवा: ‘डिव्होशन टू गणेशा’. ‘ऑफ’ भक्ती करणाऱ्यासाठी ठेवा. ‘वुई डिव्होट गणेशा’ तर सरळ खोडा. ‘डिव्होट’ या क्रियापदाला काय वाहिलं ते आधी लागतं (वेळ, आयुष्य), मग ‘टू’ आणि मग देवाचं नाव.

हा ‘टू’ शब्दाच्या जन्मातच आहे. स्मरणिकेत हौसेनं लिहितात तसा ‘डिव्होशन’ हा ‘देव’वरून आलेला नाही. लॅटिनमध्ये ‘दे’ हा उपसर्ग आणि ‘वोवेरे’ म्हणजे नवस बोलणं. इंग्रजीतले ‘व्हाउ’ आणि ‘व्होट’ त्याच घरातले. रोमन सेनापती लढाईत शत्रूसैन्यासह स्वतःलाही पाताळातल्या देवांना वाहून टाकत, त्या विधीला ‘देवोतिओ’ म्हणत. इ.स.पू. 340 मध्ये देकियुस मूस असाच मेला, असं इतिहासकार लिव्ही सांगतो. कुणाला तरी वाहून घेणं, हा मूळ अर्थ धरला की ‘ऑफ’ आपोआप सुटतो. ‘देव’शी खरं नातं सांगायचंच असेल तर ते ‘डिव्हाइन’चं आहे. आपली ‘भक्ती’ आणखी वेगळी: ती ‘भज्’ धातूतून आली, म्हणजे ‘भाग’ आणि ‘विभक्त’ यांची बहीण.

‘डिव्होटेड’ आणि ‘डिव्हाउट’ यांची अदलाबदल नको. ‘डिव्होटेड’ माणूस बायकोला, कामाला, संघालाही वाहिलेला असू शकतो. ‘डिव्हाउट’ बहुधा धर्मनिष्ठच. अनेकवचनी ‘डिव्होशन्स’ म्हणजे बहुधा प्रार्थना, उपासना. ‘भक्तगण’ म्हणायचं असेल तर ‘डिव्होटीज’ लिहा. उच्चारताना जोर शेवटच्या ‘टी’वर.

हाच ‘डिव्होटीज’ धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या स्वागतफलकावर मात्र चालवू नका. दीक्षाभूमीवर येतात ते अनुयायी, तिथं ‘फॉलोअर्स’ हवं. 14 ऑक्टोबर 1956 च्या धम्मदीक्षेशी जोडलेल्या 22 प्रतिज्ञांना इंग्रजीत ‘व्हाउज’ म्हणतात, ते बिनदिक्कत छापा.