संतकवितेतून गाणी लिहायला शिकायचंय? माझ्या अनुभवातलं थोडं

नवीन लिहिणारे बरेचदा विचारतात की अभंग, सुफी कविता वगैरे वाचून गाणी कशी लिहायची, म्हणजे सुरुवात कुठून करायची. मी मालिकांची शीर्षकगीतं, जिंगल आणि थोडीफार सिनेमाची गाणी लिहितो आणि माझी अर्धी शिदोरी गाथांमधलीच आहे, म्हणून जमेल तसं सांगतो.

आधी एक, शब्द उचलू नका. सावळा, वाळवंट, मौला, रूह असं काहीतरी टाकलं की गाणं आपोआप खोल होतं असं वाटतं पण होत नाही, उलट संगीतकार पहिल्याच ओळीला ओळखतो माल कुठला आहे ते. उचलायचं ते नातं, कोण कुणाशी बोलतंय आणि कुठल्या हक्कानं. जनाबाई घ्या, 'अरे विठ्या अरे विठ्या, मूळ मायेच्या कारट्या'. देवाला कारट्या म्हणतेय बाई! स्तुती नाही, मागणं नाही, सरळ तोंडावर भांडण. आता तिथून देव काढा, न सांगता निघून गेलेला मित्र ठेवा, भाषा आजची वापरा पण तो हक्क तेवढा सोडू नका, मुखडा बघा कसा पटकन येतो. मुक्ताबाईचे ताटीचे अभंगही असेच वाचा. मोठा भाऊ चिडून दार लावून आत बसलाय, धाकटी बहीण बाहेरून समजावतेय, 'ताटी उघडा ज्ञानेश्वरा', बस एवढाच सीन आणि सगळं तत्त्वज्ञान त्याच्या पोटात. आपले नवे लोक बरोबर उलटं करतात, आधी आत्मा-परमात्मा आणि मग सीन शोधत बसतात.

दुसरं मीटर, म्हणजे ओळीचं माप, आणि इथे जरा वेळ घालवाच. 'सुंदर ते ध्यान / उभे विटेवरी / कर कटावरी / ठेवोनिया' हे बोटांवर मोजा. सहा, सहा, सहा आणि चार. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्यात, विटेवरी-कटावरी, शेवटचा तुकडा मोकळा आणि आखूड, तिथे गाणाऱ्याला श्वास मिळतो, कोरसला जागा मिळते. हा झाला मोठा अभंग. छोटा म्हणजे आठ-आठ, 'जे का रंजले गांजले, त्यासी म्हणे जो आपुले'. यात मोजतात अक्षरं, मात्रा नाही, जोडाक्षर एकच धरायचं, ऱ्हस्व-दीर्घाचं बंधन नाही त्यामुळे गाणारा हवं ते अक्षर ओढू शकतो. पण आजकाल बहुतेक वेळा चाल आधी येते, डमी म्हणजे नुसत्या जागा भरणाऱ्या शब्दांवर, आणि तिथे ही सूट चालत नाही, लांब सुरावर ऱ्हस्व अक्षर पडलं की गायक लगेच अडतो. म्हणून सराव दोन्हीचा करा, आणि लिहिलेलं मोठ्यानं म्हणा, नुसतं स्क्रीनवर वाचून कळत नाही.

शेवटचा अंतरा कुठे न्यायचा हे तुकारामांकडून शिकावं. 'तुका म्हणे' आलं की बहुतेकदा तिथे निकाल लागतो किंवा सगळं एकदम उलटतं. आपण तिथे नेमकं पहिल्या अंतऱ्यातलंच दुसऱ्या शब्दांत सांगतो, कंटाळवाणं होतं ते.

मुंगी आकाशात उडाली आणि तिनं सूर्य गिळला अशा कूट, म्हणजे कोड्यासारख्या, रचना वाचायला भारी आहेत पण सुरुवातीला त्या वाटेला जाऊ नका हे माझं मत, श्रोत्याला काहीच लागत नाही हाताला.

आता हक्कांचं, कारण यात पोरं फसतात. जुन्या संतांचे शब्द सगळ्यांसाठी मोकळे आहेत पण अलीकडच्या कुणी त्यांना लावलेली चाल मोकळी असेलच असं नाही, आपल्याकडे कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो. सुफी कवी रूमी तेराव्या शतकातला, त्याची मूळ फारसी कुणाच्या मालकीची नाही, पण त्याचे आजचे अनुवाद अनुवादकाचे असतात, त्यातली ओळ तशीच घेतली तर नोटीस येऊ शकते. थेट ओळ वापरणार असाल तर संगीतकाराला आधीच सांगा आणि क्रेडिटमध्ये 'पारंपरिक' किंवा संताचं नाव घालायला लावा. आणि करारात रॉयल्टी सोडतो असं कलम दिसलं तर घाबरू नका, कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकाराला सिनेमाच्या गाण्यांवरचा तो वाटा निर्मात्याला देऊनच टाकता येत नाही. पहिलं गाणं रिलीज व्हायच्या आत आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासदत्व घेऊन ठेवा, नंतर करू म्हणत राहिलं की राहूनच जातं.