न वाचलेल्या बातम्यांचा आकडा आटोक्यात कसा ठेवावा

सकाळच्या चहाबरोबर चार संकेतस्थळे आणि व्हॉट्सॲपवरचे गट चाळून झाले, तरी आपण नेमके काय वाचले हे ज्यांना सांगता येत नाही, त्यांनी फीड रीडर, म्हणजे निवडलेल्या संकेतस्थळांवरचा नवा मजकूर एका ठिकाणी आणून देणारा प्रोग्राम, वापरून पाहावा. यामागचे आरएसएस हे तंत्र १९९९ साली नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत तयार झाले. संकेतस्थळ आपल्या ताज्या मजकुराची शीर्षके, दुवे आणि तारखा एका फाइलमध्ये मांडून ठेवते; तिलाच फीड म्हणतात. रीडर ती फाइल ठरावीक वेळाने तपासतो आणि नवे असेल तेवढेच आपल्यापुढे आणतो.

इनोरीडर किंवा फीडली या रीडरवर मोफत खाते उघडता येते. आयफोन आणि मॅकवर नेटन्यूजवायर विनामूल्य मिळतो. रीडरच्या शोधचौकटीत संकेतस्थळाचा पत्ता चिकटवला की फीड बहुधा आपोआप सापडते. न सापडल्यास आणि स्थळ वर्डप्रेसवर असल्यास, पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ देऊन ‘फीड’ हा शब्द रोमन लिपीत जोडून पाहावा.

खरी अडचण यानंतर सुरू होते. मी पहिल्याच आठवड्यात हौसेने साठेक फीड जोडली आणि चौथ्या दिवशी न वाचलेल्या मजकुराचा आकडा हजारापलीकडे गेला. तपासले तेव्हा लक्षात आले की त्यातला निम्म्याहून अधिक भरणा एकाच दैनिकाच्या ‘सर्व बातम्या’ या फीडचा होता, आणि महिन्यातून एकदाच लिहिणाऱ्या ज्या अभ्यासकासाठी मी हा खटाटोप केला, त्याचा लेख त्या ढिगाऱ्याखाली गेला होता. म्हणून फोल्डर विषयानुसार न करता वारंवारतेनुसार करावेत, असे माझे मत आहे. ‘क्वचित’ या फोल्डरमध्ये सावकाश लिहिणारे ठेवावेत आणि रीडर उघडताच आधी तेथे जावे. ‘रोज’ या फोल्डरमध्ये दैनिके ठेवावीत, तीही संपूर्ण न घेता शेती, अर्थ किंवा आपले शहर अशा एखाद्या विभागाचे स्वतंत्र फीड मिळत असल्यास तेवढेच घ्यावे. नवे फीड थेट यांत न टाकता ‘उमेदवारी’ नावाच्या फोल्डरमध्ये महिनाभर ठेवावे आणि तेवढ्या काळात त्यातले काहीच उघडावेसे वाटले नाही, तर काढून टाकावे.

‘रोज’मधले जे दोन दिवसांत वाचून झाले नाही, ते ‘सर्व वाचले’ असे बिनदिक्कत नोंदवून मोकळे व्हावे. रद्दीचा गठ्ठा आपण पहिल्या पानापासून वाचत बसत नाही. फोनवरच्या सूचना अर्थातच बंद ठेवाव्यात.

एक काम मात्र टाळू नये. सेटिंगमधून आपल्या फीडची यादी ओपीएमएल (इतर रीडरनाही वाचता येणाऱ्या यादीच्या) फाइल म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी उतरवून ठेवावी. गूगल रीडर १ जुलै २०१३ रोजी बंद झाला, तेव्हा यादी उतरवून घेतलेल्यांना ती नव्या रीडरमध्ये तशीच चढवता आली.