डॉल्बीच्या गाडीचा विमा परवडेल असा कसा उतरवावा

तुळशीची लग्नं आटोपली की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या डॉल्बीवाल्यांना सवड म्हणून मिळत नाही. आधी वराती, मग गावोगावच्या यात्रा, वैशाखात बेळगावची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक आणि पावसाळा सरता सरता गणपती. बेस आणि टॉप हे स्पीकर, ॲम्प्लिफायर, जनरेटर सगळं एकाच गाडीवर. त्या गाडीचा विमा मात्र आरटीओच्या दारात, एजंट म्हणेल तेवढे पैसे मोजून, घाईत उतरवला जातो. मग कुणाचा हप्ता उगाच दुप्पट जातो. कुणाचा अगदी कमी जातो आणि अपघात झाल्यावर समजतं, की ही पॉलिसी या कामाला लागूच नव्हती. पहिल्यापेक्षा हे दुसरं फार वाईट, कारण त्यात घरदार जाऊ शकतं. म्हणून गाडी ज्या कामाला लावता तेच काम पॉलिसीवर लिहून घ्या आणि पैसे वाचवायचे ते त्याच्या आत राहून वाचवा.

आधी आरसी हातात घ्या

आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, तीन गोष्टी पाहायच्या. गाडीचा वर्ग, भरलेल्या गाडीचं मंजूर एकूण वजन आणि आसनसंख्या.

पांढऱ्या पाटीची ओम्नी किंवा बोलेरो असेल आणि तुम्ही तिच्यातून वाढदिवसाच्या, बारशाच्या सुपाऱ्या करत असाल, तर इथेच थांबा. खासगी कारच्या पॉलिसीत भाड्याने वापर आणि मालवाहतूक स्पष्टपणे वगळलेली असते. सूट आहे ती नमुन्याच्या वस्तूंना आणि स्वतःच्या सामानाला. मागची सीट काढून दोन बेस आणि मिक्सर घातला की तो धंद्याचा माल झाला. रस्त्यात धडक झाली तर नुकसान तपासायला आलेला विमा कंपनीचा सर्व्हेअर मागचं दार उघडून फोटो काढतो आणि दावा तिथेच अडतो. ट्रॅक्टर-ट्रॉलीचंही तसंच. शेतीसाठी विमा उतरवलेला ट्रॅक्टर यात्रेत डॉल्बी ओढायला लावला, तर तो शेतीचा वापर राहत नाही, आणि ट्रॉलीचा विमा तर बहुतेकांनी उतरवलेलाच नसतो.

नियमित काम असेल तर मालवाहू वर्गात नोंदलेली गाडीच हवी. पासिंगची, म्हणजे आरटीओच्या फिटनेस तपासणीची, तारीखही त्याच वेळी बघून घ्या. व्यावसायिक गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी पासिंग लागतं. ते संपलेलं असलं की कंपनीला दावा अडवायला आयतं कारण मिळतं.

थर्ड पार्टीत घासाघीस नाही, पण वर्ग तपासायचा

हप्त्याचे दोन भाग असतात. पहिला थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई. मोटार वाहन कायद्याने तो सक्तीचा आहे. तो नसताना गाडी रस्त्यावर आणली तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. याचे दर सरकार ठरवतं, त्यामुळे कुठल्याही कंपनीकडे जा, आकडा तोच. कुणी 'थर्ड पार्टीत डिस्काउंट देतो' म्हणाला तर त्याच्यापासून चार हात लांब राहा. बनावट पॉलिसी बहुधा अशाच बोलण्यातून गळ्यात पडते. पॉलिसी हाती आल्यावर एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून विम्याची नोंद दिसते का, ते पाहून घ्या.

१ जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात भाड्याने माल नेणाऱ्या चारचाकीचा थर्ड पार्टी हप्ता एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत १६,०४९ रुपये आणि ७,५०० ते १२,००० किलोला २७,१८६ रुपये होता, कर वेगळा. छोटा हत्ती, बोलेरो पिकअप, ४०७ या गाड्या पहिल्या गटात बसतात. आयशरची काही मॉडेल आत, काही बाहेर. जुनी आयशर घेताना विक्रेत्याच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका, आरसीवर वाचा, कारण या एका रेषेवर दरवर्षी अकरा हजारांचा फरक पडतो. लायसन्सचा प्रश्नही याच आकड्यावर येतो. साध्या एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाच्या, लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतची व्यावसायिक गाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलं. वरच्या वजनाला जड वाहनाचं लायसन्स लागतं आणि असा ड्रायव्हर सीझनमध्ये मागेल ती हजेरी घेतो. लहान सेट असेल तर मालवाहू तीनचाकीचा विचार जरूर करा. त्याच दरपत्रकात तिचा थर्ड पार्टी हप्ता फक्त ४,४९२ रुपये होता.

आता जी गोष्ट फारसं कुणी सांगत नाही, ती. दरपत्रकात मालवाहू गाड्यांचे दोन प्रकार आहेत. एक 'पब्लिक कॅरिअर', म्हणजे लोकांचा माल भाड्याने नेणारी गाडी. दुसरा 'प्रायव्हेट कॅरिअर', म्हणजे मालकाचाच माल नेणारी गाडी. दुसऱ्या प्रकारात ७,५०० किलोपर्यंतचा थर्ड पार्टी हप्ता ८,५१० रुपये होता, जवळजवळ निम्मा. तुमच्या गाडीवर फक्त तुमचाच साउंड चढत असेल, तर कोटेशन मागताना स्पष्ट सांगा, 'गाडी माझी, माल माझा, भाड्याने दुसऱ्याचं काही नेत नाही. प्रायव्हेट कॅरिअरमध्ये बसते का बघा.' कंपनी आरसी आणि परवाना पाहून ठरवेल. न विचारता बहुतेक ठिकाणी पहिला प्रकारच लावला जातो. पण एकदा हे लिहून दिलं की पाळायचं. पावसाळ्यात रिकामी गाडी म्हणून उद्यमबागेतल्या कारखान्याचं कास्टिंग भाड्याने नेऊ लागलात आणि तेव्हा अपघात झाला, तर वाचवलेले साडेसात हजार कितीला पडतील याचा हिशेब करून बघा. असं भाडं मारायचंच असेल, तर निमूटपणे पब्लिक कॅरिअरचा हप्ता भरा.

पैसे वाचतात ते दुसऱ्या भागात

दुसरा भाग म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा विमा. याचे दर २००७ पासून खुले आहेत, म्हणून भाव करायचा तो इथे. दोन सरकारी आणि दोन खासगी कंपन्यांकडून लेखी कोटेशन घ्या आणि चारही कागद शेजारी ठेवून एकाच आयडीव्हीवर तुलना करा. आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण मोडली तर मिळणारी रक्कम. एखादा एजंट ती गुपचूप कमी करतो आणि हप्ता स्वस्त करून दाखवतो.

दावा केला नाही तर मिळणारी सूट पहिल्या वर्षानंतर २० टक्के असते. पुढे ती २५, ३५, ४५ आणि ५० टक्क्यांपर्यंत चढते, मात्र याच भागावर. आरसा फुटला, फाळका वाकला, अशा दोन-तीन हजारांच्या कामाला दावा करू नका, ऑटोनगरात पदरचे पैसे देऊन दुरुस्त करून घ्या. आपल्या भागात ही सूट बुडते ती पावसाळ्यात. सुपाऱ्या नाहीत, गाडी परड्यात उभी, पॉलिसी संपली तरी 'गणपतीच्या तोंडावर भरू' असं चालतं. मुदत संपून ९० दिवस उलटले की साठवलेली सगळी सूट शून्यावर येते, वर गाडीची नव्याने तपासणीही करून घ्यावी लागते. जूनमध्ये हाती पैसा नसेल तर निदान तारीख लिहून ठेवा आणि त्या ९० दिवसांच्या आत भरा.

व्यावसायिक गाड्यांच्या विम्यात बेळगाव, चिकोडी, गोकाकसारख्या ठिकाणची नोंदणी सर्वांत स्वस्त विभागात मोडते. बेंगळुरू, मुंबई त्याच्या वरच्या विभागांत. तेव्हा बेंगळुरूहून किंवा मुंबईहून जुनी गाडी आणली असेल तर ती आपल्या पत्त्यावर नोंदवून घेण्यात हाही फायदा आहे. परराज्यातला नंबर असेल तर बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायला कर्नाटकचा नंबर घ्यावाच लागतो. जुनी गाडी घेतल्यावर १४ दिवसांच्या आत विमा आपल्या नावावर करायला अर्ज द्या. विकणाऱ्याची सूट तुम्हाला मिळत नाही, ती त्याच्याबरोबर जाते.

एक जोड मात्र मी कधीही काढू देणार नाही: आयएमटी २३. व्यावसायिक गाडीच्या साध्या पॉलिसीत दिवे, टायर, मडगार्ड, बॉनेट, बंपर, रंग यांचं किरकोळ नुकसान धरत नाहीत. मिरवणुकीच्या गर्दीत नेमकं हेच फुटतं. थोडा जादा हप्ता देऊन ही जोड मिळते. उलट गाडी फार जुनी असेल, आयडीव्ही लाखाच्या आसपास आली असेल आणि कर्ज फिटलेलं असेल, तर नुसता थर्ड पार्टी ठेवून वाचलेला पैसा साउंडच्या विम्याला लावणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

साउंडचा विमा गाडीच्या विम्यात नसतो

गाडीला कायमचं बसवलेलं विद्युत सामान किंमत जाहीर करून पॉलिसीत घालता येतं. जुन्या दरपत्रकात त्यासाठी किमतीच्या चार टक्के धरत. पण हौद्यात चढवलेले बेस, टॉप, ॲम्प्लिफायर हा माल आहे. चोर्ल्याच्या घाटात गाडी कलंडली तर गाडीची भरपाई मिळेल, साउंडची नाही. त्यासाठी इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा वेगळा विमा घ्यावा लागतो आणि त्यात 'ने-आण करताना होणारं नुकसान' लिहून घ्यावं लागतं. प्रत्येक नगाचा सीरियल नंबर, फोटो आणि बिल ठेवा. सुताराकडून बॉक्स करून घेतला तरी त्याची पावती मागा. कोल्हापूरहून बिलाशिवाय आणलेला माल नुकसानीच्या वेळी सिद्धच करता येत नाही.

जनरेटर गाडीवरच बसवला असेल, हौदा वाढवला असेल, चौकट वेल्ड केली असेल, तर ते कंपनीला आधी कळवा. आरसीवरच्या नोंदीशी न जुळणारा बदल मोटार वाहन कायद्याने मना आहे आणि प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. स्पीकरची भिंत हौद्याच्या बाजूने बाहेर आली, तर बाहेर आलेल्या मालाचा दंड २०,००० रुपये. एक दोरी जास्त बांधा, पण साउंड हौद्याच्या आत बसवा.

गाडीवर चढलेली पोरं

हा मुद्दा मला सगळ्यात जवळचा आहे. मालवाहू गाडीत मालाचा मालक किंवा त्याने नेमलेला माणूस बसला असेल तर कायदा त्याला संरक्षण देतो. ड्रायव्हर आणि कामावरची पोरं यांची जबाबदारीही कामगार म्हणून पॉलिसीत येते. नोकरांसाठीचा जादा हप्ता अगदी किरकोळ असतो, तेव्हा ऑपरेटर आणि सामान चढवणारी पोरं मोजून, तितक्या डोक्यांचा भरा. मात्र आरसीवरच्या आसनसंख्येपलीकडे कुणी नको.

पण मंडळाची, वराती मंडळींची जी पोरं टपावर, बेसवर, फाळक्यावर चढून नाचतात, ती या पॉलिसीच्या बाहेर आहेत. मालवाहू गाडीत फुकट बसवलेल्या प्रवाशांची भरपाई विमा कंपनीला द्यावी लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्ये आशा राणी खटल्यात सांगितलं आहे. म्हणजे वरच्या विजेच्या तारेला हात लागून किंवा ब्रेक बसल्यावर खाली पडून एखादं पोर गेलं, तर भरपाईचा बोजा थेट मालकावर येऊ शकतो. सुपारी घेतानाच मंडळाच्या अध्यक्षांना सांगा, 'अण्णा, गाडीवर कोण चढलं तर मी साउंड बंद करणार.' ते कागदावर लिहून सही घ्या. वाईट दिसतं, पण घ्या.

वर्षातून चार-पाच मोठ्या मिरवणुकाच करत असाल, तर मोठी गाडी पोसूच नका. त्या दिवसापुरता ड्रायव्हरसह टेम्पो घ्या आणि निघण्यापूर्वी त्याच्या विम्याचा, पासिंगचा, ड्रायव्हरच्या लायसन्सचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

अपघात झालाच तर

आधी माणसं दवाखान्यात. मग गाडी न हलवता फोटो आणि त्याच दिवशी कंपनीला फोन. जागेवर सर्व्हे झाल्याशिवाय गाडी गॅरेजला नेऊ नका. पॉलिसी देशभर चालते. शिनोळीच्या पुढे चंदगड हद्दीत किंवा कोगनोळी ओलांडून अपघात झाला तर नोंद महाराष्ट्रातल्या ठाण्यात होईल, दावा मात्र तुमच्या नेहमीच्या कार्यालयातून चालवता येतो. कर्नाटकातल्या ठाण्यात फिर्याद कन्नडमध्ये लिहिली जाते. ती वाचून दाखवा म्हणा, कन्नड येणारा ओळखीचा माणूस बरोबर ठेवा, आणि गाडी कोण चालवत होतं, गाडीत किती जण होते या ओळी नीट ऐकूनच सही करा. फिर्यादीची प्रत फिर्याद देणाऱ्याला मोफत मिळते.

दावा नाकारला तर नकाराचं कारण लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लिहा. महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जा. कर्नाटकसाठी ते कार्यालय बेंगळुरूत आहे. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचा दावा चालतो आणि स्वतःच्या नावावर धंदा करणाऱ्यालाही तिथे दाद मागता येते. कंपनीचा अंतिम नकार आल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करायचा. विमा नियामकाकडे तक्रार नोंदवायला १५५२५५ हा क्रमांक आणि 'बीमा भरोसा' हे पोर्टल आहे.