गोरज मुहूर्त आणि वळीव

उन्हाळ्यातली लॉनवरची लग्नं बहुतेक गोरज मुहूर्तावर असतात. भर दुपारी उघड्यावर बसवलं तर पाहुणे अक्षता टाकण्याऐवजी शिव्या घालतील. पण मे महिन्यात पुण्यात सूर्य मावळतो सातच्या आसपास, आणि वळीव येतो तोही दुपार कलल्यावरच. म्हणजे मंगलाष्टका, अंधार, जनरेटर आणि पाऊस, सगळ्यांची वेळ एकच. लग्नाच्या दिवशीची सगळी धावपळ सांभाळायच्या, म्हणजे को-ऑर्डिनेटरच्या कामात येऊ बघत असाल तर लॉन पाहायला गेल्यावर झुंबरांकडे नंतर बघा. आधी विचारा, पक्कं छत कुठे आहे आणि तिथपर्यंत चालायला किती मिनिटं लागतात.

वेडिंग प्लॅनर वेगळा, आम्ही को-ऑर्डिनेटर वेगळे. हॉल, मेन्यू, सजावट घरच्यांनीच ठरवलेली असते. आम्हाला आठवडाभर आधी सगळ्यांचे नंबर नि वेळा मिळतात आणि लग्नाच्या दिवशी पहाटेपासून घरच्यांचे फोन आमच्याकडे. ‘‘मग तुम्ही नक्की करता काय?’’ हे मुलीचे वडील हमखास विचारतात. प्रश्न रास्त आहे. स्वयंपाक केटरर करतो, मंडप डेकोरेटर घालतो, लग्न गुरुजी लावतात. मी फक्त एकाचं दुसऱ्याला कळवते, आणि जो निर्णय घ्यायला कोणीच पुढे येत नाही तो घेते.

हे दुसरं काम मी माझ्या चौथ्या लग्नात शिकले, तेही ठेच लागून. खडकवासल्याजवळचं लॉन, मुहूर्त संध्याकाळी 6.52 चा. पावणेपाचला सिंहगडाच्या बाजूने आभाळ भरून आलं. मंडप कापडी, निव्वळ शोभेचा. पलीकडे जेवणासाठी पत्र्याची शेड होती. विधी तिकडे हलवायचे का, म्हणून मी मुलीच्या वडिलांना विचारलं. ते म्हणाले, मुलाकडच्यांना विचारा. मुलाचे वडील म्हणाले, ते म्हणतील तसं. मामा म्हणाले, काही येत नाही हो पाऊस. डेकोरेटर म्हणाला, ताई, अर्धा तास द्या. या टोलवाटोलवीत पंचवीस मिनिटं गेली. आधी वारा सुटला, फुलांची कमान आडवी झाली, आणि मग टपोरे थेंब. शेवटी जेवणाची टेबलं बाजूला सारून शेडमध्ये अंतरपाट धरला. मुहूर्त साधला, पण वाजंत्री पार्किंगच्या आडोशाला अडकलेले. ‘तदेव लग्नं’ संपलं, अंतरपाट खाली आला, अक्षता पडल्या आणि वाजंत्रीच नाही! सगळे एकमेकांकडे बघताहेत. मग एका मावशींनी जवळचं ताट उचलून बडवायला सुरुवात केली.

तेव्हापासून दोन गोष्टी मी आदल्या दिवशी लिहून घेते: पाऊस आला तर शेवटचा शब्द कोणाचा (एकच नाव, ‘दोघं मिळून’ चालत नाही), आणि कधीपर्यंत. मुहूर्ताआधी दोन तास, ही माझी हद्द. दुपारपासून हवामान खात्याचा पुढच्या तीन तासांचा अंदाज आणि पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप मी बघत असते. वीज जवळ आली तर मात्र कोणालाच विचारत नाही, माणसं सरळ पक्क्या छताखाली. ज्यांना परवडतं त्यांना मी जर्मन हँगर, म्हणजे धातूच्या सांगाड्याचा पाऊस न गळणारा मोठा मंडप, घ्या म्हणते, फुलं थोडी कमी करा.

पाऊस नसला तरी मुहूर्ताची शेवटची वीस मिनिटं आपली. वर्षभर खपून केलेली मंगलाष्टकं म्हणायला दोन्हीकडचे आत्या-काका रांगेत असतात. ती यादी गुरुजींबरोबर बसून आधीच कापावी लागते, आणि कापल्याचा वाईटपणा आपण घ्यायचा. आपण नात्यातले नसतो, त्याचा हाच उपयोग. वधूच्या खोलीपासून बोहल्यापर्यंत शालू सावरत चालायला लॉनवर पाच-सात मिनिटं सहज लागतात. गवतात टाचा रुततात, म्हणून मॅटिंग. मुलीला आणणारा मामा त्याच वेळी गेटवर कोणाची तरी गाडी लावून देत असतो. त्याला अर्धा तास आधीच धरून बसवा. वाजंत्र्यांपाशी एक माणूस फक्त खूण करायला उभा करा.

जनरेटर दुपारीच चालवून बघायचा, डिझेल स्वतः डोळ्यांनी बघायचं. वीज गेल्यावर तो लोड घेईपर्यंत काही सेकंद जातातच, तेवढ्यात माइक बंद पडतो. म्हणून साउंडचा मिक्सर यूपीएसवर. होमाजवळचे पडदे बांधून ठेवा, वाळूची बादली हाताशी. रात्री दहाला स्पीकर बंद, तो कायदाच आहे, त्यामुळे डीजेच्या वेळेत उशीर भरून निघेल अशा भ्रमात राहू नका.

सुरुवात करायची तर एखादा सीझन कोणाच्या तरी हाताखाली काढा. फोन नंबरांची यादी कागदावर ठेवा, बॅटरी ऐन वेळी दगा देते. पिशवीत सेफ्टी पिना, सुईदोरा, काडेपेटी, कापूर, आणि अक्षतांचा एक पुडा प्लास्टिकमध्ये गुंडाळून. नेसवलेलं धोतर सुटलं तर पुन्हा नेसवता येईल असा एक माणूस पाहुण्यांत सकाळीच हेरून ठेवा. नाहीतर स्वतः शिका, मी शिकले.

आणि राहिलेले पैसे पाठवणीच्या आधी मागा. मी पहिल्या लग्नात संकोच केला. पाठवणी झाली, मुलीचे वडील खुर्चीत बसून रडत होते, आणि मी बिल हातात घेऊन खांबामागे उभी होते.