मुलांना हक्क कितपत माहीत आहेत? सर्वेक्षण कसं करायचं, निष्कर्ष कसे मांडायचे

'तुम्हाला मानवी हक्कांविषयी माहिती आहे का? होय / नाही.' हा प्रश्न प्रश्नावलीत असेल तर आधी तो काढा. बहुतेक मुलं 'होय'वर खूण करतात आणि हाती काहीच लागत नाही. शोधायचं ते वेगळं आहे: प्रसंग आला तर मुलाला काय करता येईल हे त्याला ठाऊक आहे का? म्हणून प्रश्न प्रसंगातून विचारा.

'शनिवारी संध्याकाळी पोलिसांनी एकाला अटक केली. प्रवासाचा वेळ सोडून किती वेळात त्याला न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर करायला हवं? २४ तास / ४८ तास / सोमवारी कोर्ट उघडल्यावर / माहीत नाही.' उत्तर २४ तास, संविधानाचं कलम २२. सुट्टीनं त्यात फरक पडत नाही. 'सोमवारी' हा पर्याय मुद्दाम ठेवायचा, कारण ज्यांना नक्की माहीत नसतं त्यांना तोच खरा वाटतो. 'माहीत नाही' प्रत्येक प्रश्नाला हवंच, नाहीतर अंदाजानं मारलेली खूण ज्ञान म्हणून मोजली जाते.

दुसरा नमुना: 'ऊसतोडीहून परतलेल्या ९ वर्षांच्या मुलीकडे जन्माचा दाखला नाही. शाळा तिला प्रवेश नाकारू शकते का?' नाही, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं वयाच्या दाखल्यावाचून प्रवेश नाकारता येत नाही. असे पंधरा प्रश्न, चार मतांचे, तीन पार्श्वभूमीचे. वीस मिनिटांत संपलं पाहिजे. त्यापुढे मुलं न वाचता खुणा करतात.

खान्देशात एक खाच लक्षात ठेवा. 'वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा मुलाइतका वाटा असतो का?' हा प्रश्न चोपडा-अमळनेरकडे हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीमुळे सरळ वाटतो. पण हा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही. धडगाव-अक्कलकुव्याच्या आदिवासी मुलांच्या वर्गात याच प्रश्नाला 'होय' हे एकच बरोबर उत्तर धरलं तर चूक मुलांची नसते, प्रश्नाची असते. असा प्रश्न गाळावा.

भाषेचंही तसंच. 'हक्क' म्हटलं की काही मुलांच्या डोळ्यांसमोर सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क'चा रकाना येतो. आधी वीस मुलांवर प्रश्नावली चालवून बघा आणि प्रत्येक प्रश्न त्यांच्याच शब्दांत सांगायला लावा. जिथे ती अडखळतात तिथे वाक्य बदला. छापील प्रश्न सोप्या मराठीत ठेवा. पण समजावताना अहिराणी, भिली किंवा पावरी बोलणारं कुणी सोबत असावं. 'तुले काय वाटस?' असं विचारलं की मुलं मोकळी होतात. मात्र समजावणाऱ्यानं उत्तराकडे ढकलायचं नाही. सगळ्या वर्गांत स्पष्टीकरण एकच असावं, म्हणून तेही लिहून काढा.

नमुना किती घ्यायचा? एकूण विद्यार्थी भागिले (१ + एकूण विद्यार्थी × ०.०५ चा वर्ग). यातलं ०.०५ म्हणजे पाच टक्के इकडेतिकडे चालेल असं धरणं. महाविद्यालयात १२०० असतील तर १२०० ÷ ४, म्हणजे ३००. पहिल्या वर्षाला ५२०, दुसऱ्याला ४००, तिसऱ्याला २८० असतील, तर त्याच प्रमाणात १३०, १०० आणि ७०. हजेरीपटावर १ ते ४ मधला एक आकडा चिठ्ठीनं काढा आणि तिथून दर चौथं नाव घ्या. 'जे वर्गात सापडले ते' असं केलं की नियमित येणारीच मुलं मोजली जातात. दिवाळीनंतर कापूस वेचणी आणि ऊसतोडीमुळे जी येत नाहीत, त्यांचंच उत्तर सुटतं. भरून घेण्याचं काम ऑगस्ट-सप्टेंबरात उरका; १० डिसेंबरच्या मानवी हक्क दिनापर्यंत मांडणीला पुरेसा वेळ मिळतो.

फॉर्म कागदावरच घ्या, दहा टक्के जादा धरून ३३० प्रती. मोबाईलवरची लिंक ग्रुपमध्ये फिरते, एकाच फोनवरून तिघं भरतात आणि उत्तरं शोधून लिहिली जातात. सातपुड्यातल्या गावांत नेटवर्कचाही भरवसा नसतो. नाव, हजेरी क्रमांक नको. वर्गशिक्षकांना बाहेर थांबण्याची विनंती करा. सर समोर असताना 'शाळेत छडी मारणं योग्य आहे का' याचं खरं उत्तर कोण लिहील? फॉर्म मुलांनी स्वतः पेटीत टाकावेत. अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची लेखी संमती आधी घ्या. स्वतःवर झालेल्या अत्याचाराविषयी प्रश्न विचारू नका. तरीही एखादं मूल सांगून गेलं तर काय करायचं हे आधी ठरलेलं असावं. बाललैंगिक अत्याचाराची माहिती कळवणं पॉक्सो कायद्यानं बंधनकारक आहे. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक प्रत्येक फॉर्मच्या तळाशी छापा.

नोंदणीत बरोबर १, चूक ०, माहीत नाही ८, कोरं ९. इथे हमखास एक घोटाळा होतो: कुणीतरी रकान्याची सरासरी काढतं, त्यात ८ आणि ९ मिसळतात आणि ज्यांना काहीच माहीत नाही तेच हुशार दिसतात. सरासरी न काढता प्रत्येक अंकाची मोजणी करा. तीस फॉर्मची नोंद दुसऱ्या व्यक्तीनं पुन्हा करून ताडून बघावी.

मांडताना आडव्या पट्ट्या वापरा, शून्यापासून सुरू होणाऱ्या, आणि 'चूक' व 'माहीत नाही' वेगळ्या रंगात. चुकीचं खरं मानणाऱ्या मुलाशी वेगळं बोलावं लागतं, आणि ज्याला माहीतच नाही त्याच्याशी वेगळं. प्रत्येक आलेखाखाली किती जणांची उत्तरं ते लिहा. ३०० च्या नमुन्यात आकडा सुमारे पाच टक्के इकडेतिकडे होऊ शकतो, तिसऱ्या वर्षाच्या ७० जणांत दहा टक्क्यांपर्यंत. म्हणून पहिल्या आणि तिसऱ्या वर्षात बारा-तेरा टक्क्यांच्या आतला फरक असेल तर 'तिसऱ्या वर्षाला जास्त कळतं' असं लिहू नका. पाचपेक्षा कमी मुलांचा गट वेगळा दाखवायचा नाही; गाव छोटं असतं, मूल लगेच ओळखू येतं.

अहवाल प्राचार्यांना देण्याआधी वर्गात न्या. प्रत्येक पट्टीशेजारी बरोबर उत्तर आणि दाद कुठे मागायची ते लिहा. उदाहरणार्थ, राज्य मानवी हक्क आयोगाकडे तक्रारीला शुल्क नाही, पण घटनेपासून एका वर्षाच्या आत ती करावी लागते. मुलांनी वहीत उतरवून घेण्याइतका वेळ तो तक्ता भिंतीवर राहू द्या.