ध्वनिनियम शोधताना या चुका टाळा

थोडे शब्द जमवले, त्यांत एक सारखेपणा दिसला आणि लगेच नियम मांडला, की पुढचं सगळं काम त्या नियमाला सावरण्यात जातं. निरनिराळ्या भाषांमधल्या ध्वनिव्यवस्था ताडून पाहताना होणाऱ्या बहुतेक घोटाळ्यांचं मूळ सामग्री हाताळण्यातच सापडतं.

लिपी वाचून ध्वनी ठरवणं

मराठीचंच घ्या. 'राजा' आणि 'दरवाजा' लिहिताना ज एकच असतो. उच्चारात मात्र 'राजा'तला ज तालव्य, तर 'दरवाजा'तला दंततालव्य. 'जग' हे लेखन तर दोन शब्दांचं आहे: दुनिया या अर्थी तालव्य आणि 'जगणे'चं आज्ञार्थी रूप असेल तेव्हा दंततालव्य. एवढ्याशा फरकाने अर्थ बदलतो, म्हणजे हे दोन वेगळे स्वनिम (अर्थ बदलू शकणारे ध्वनी) आहेत. छापील मजकुरावर संगणकाने मोजणी केली, तर हा आख्खा भेद हिशेबातून निसटतो. ज्या ध्वनींवर तुमचा निष्कर्ष उभा आहे, निदान त्यांचं तरी ध्वनिमुद्रण ऐकून आयपीएमध्ये (आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत) लेखन करा.

एकाच रूपावर विसंबणं

आता अनेकवचन करून पाहा: राजे, दरवाजे. दोन्हीकडे ज तालव्य! 'माझा–माझी' या जोडीतही हेच घडतं. इ, ई, ए यांच्याआधी दंततालव्य उच्चार टिकत नाही. ज्याच्या यादीत फक्त अनेकवचनं आहेत, तो मराठीत एकच ज आहे असं छातीठोकपणे सांगेल. 'राजे' आणि 'दरवाजे' एवढंच ऐकून त्यांच्या एकवचनांतला फरक ओळखता येणार नाही. एकवचनावरून अनेकवचन मात्र बिनचूक सांगता येतं. म्हणून इथे मूळ रूप एकवचनातून घ्यायचं.

जर्मनमध्ये उलटी गंमत आहे. 'चाक' आणि 'सल्ला' या अर्थांचे दोन्ही शब्द सुटे असताना 'राट' असेच ऐकू येतात, कारण शब्दाच्या शेवटी घोष व्यंजन अघोष होतं, म्हणजे ड चा ट होतो. षष्ठीचा प्रत्यय लागला की 'राडेस' आणि 'राटेस' असा भेद उघड होतो. इथे सुटा शब्द दगा देतो आणि प्रत्ययी रूप खरं सांगतं. शब्दकोशातलं रूप तेच मूळ रूप, असं गृहीत धरू नका. शब्दाची सगळी रूपं तक्त्यात मांडा आणि कुठल्या रूपावरून बाकीची सांगता येतात ते तपासा.

याच जर्मन उदाहरणात आणखी एक खाच आहे. 1985 मध्ये पोर्ट आणि ओडेल या संशोधकांनी मोजमाप केलं, तेव्हा कानाला एकसारख्या वाटणाऱ्या अशा जोड्यांतही कालावधीचे बारीक फरक निघाले. 'भेद पूर्ण मिटतो' असं लिहिण्याआधी प्राटसारख्या ध्वनी मोजणाऱ्या संगणक प्रणालीत मोजून घ्या.

व्याकरणाचा खर्च ध्वनींच्या खात्यावर टाकणं

इंग्रजीत 'इलेक्ट्रिक'चं 'इलेक्ट्रिसिटी' होताना क चा स होतो. मग 'इपुढे आली की क चा स' हा नियम का नाही? कारण 'पॅनिकिंग'मध्ये क जसाच्या तसा राहतो. इथली अट स्वराइतकीच प्रत्ययाचीही आहे.

जपानीत 'ओरि' आणि 'कामि' जोडले की क चा ग होऊन 'ओरिगामि' होतं, पण 'कामिकाझे'त दुसऱ्या शब्दाचा क बदलत नाही. 'काझे'त आधीच झ हे घोष व्यंजन आहे (म, न, र यांची गणना यात होत नाही), आणि तसं असलं की हा बदल होत नाही. याला लायमनचा नियम म्हणतात. शिवाय परभाषेतून आलेले शब्द या बदलापासून बहुधा दूरच राहतात. अपवादांचा ढीग साचू लागला, की आधी उसने शब्द बाजूला काढा, मग समासाची सांध आणि प्रत्यय पाहा. नियमाला हात त्यानंतर.

नियम बोलणाऱ्यांच्या मनात खरोखर आहे का, हे कळायला बनावट शब्द वापरावेत. भाषाशास्त्रज्ञ जीन बर्को यांच्या 1958 च्या प्रयोगात लहान मुलांनी 'वग' या कधीच न ऐकलेल्या शब्दाचं अनेकवचन बरोबर केलं. 'टास' या दुसऱ्या बनावट शब्दाच्या बाबतीत मात्र बरीच मुलं अडली, जरी 'ग्लास'चं अनेकवचन त्यांना येत होतं. ओळखीचा शब्द पाठ असू शकतो. नियम आला आहे की नाही, ते नवा शब्दच सांगतो. मला ही कसोटी फार मोलाची वाटते आणि ती वगळली जाते याचं वाईट वाटतं.

तयार आकड्यांवर भिस्त

फॉइबल या जगभरातल्या भाषांच्या स्वनिम-संग्रहाच्या दुसऱ्या आवृत्तीत 2186 भाषांच्या 3020 स्वनिम-याद्या आहेत. म्हणजे बऱ्याच भाषांना एकापेक्षा जास्त याद्या आहेत आणि त्या जुळतीलच असं नाही. मराठीतले म्ह, न्ह, ल्ह स्वतंत्र स्वनिम मानायचे की जोडाक्षरं, यावरच एकूण संख्या बदलते. 2011 मध्ये अ‍ॅटकिन्सन यांनी आफ्रिकेपासून अंतर वाढतं तशी स्वनिमांची विविधता घटते, असा दावा केला. त्यांनी वापरलेल्या वाल्स या भाषारचनांच्या जागतिक नकाशासंग्रहाच्या माहितीत स्वर, व्यंजनं आणि तान (अर्थ बदलणारा सुराचा चढउतार) ढोबळ गटांत विभागलेले होते आणि टीकाकारांनी नेमकं त्यावर बोट ठेवलं.

शेजारी भाषा सुट्या मोजणं

फ्रान्सिस गाल्टन यांनी 1888 मध्ये मानवशास्त्रज्ञ टायलर यांच्या मांडणीवर घेतलेला आक्षेप इथेही लागू पडतो: एकमेकांकडून घेतलेल्या गोष्टी स्वतंत्र पुरावा ठरत नाहीत. ट, ड हे मूर्धन्य ध्वनी दक्षिण आशियात इंडो-आर्यन, द्राविड आणि मुंडा या तिन्ही गटांत आढळतात. दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू आणि खोसा या बांटू कुलातल्या भाषांना चटकारी व्यंजनं (जिभेने चटकारा मारून काढलेले ध्वनी) खोइसान भाषा बोलणाऱ्या शेजाऱ्यांकडून मिळाली. म्हणून नमुना निवडताना भाषाकुल आणि प्रदेश दोन्ही पाहा, आणि सांख्यिकी प्रारूपात दोन्हींना वेगळं स्थान द्या.